बडोद्याहून बेट द्वारका: तिथी बघून दोन रात्री

सुरसागरकाठची

कोजागिरीला मंडळात बेट द्वारकेचा विषय निघाला आणि नंतर सात-आठ जणींचे फोन आले. सगळ्यांचे प्रश्न तेच, म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवते.

आम्ही गेल्या जानेवारीत गेलो होतो. मी, माझे मिस्टर, सहावीतला मुलगा आणि सासूबाई, वय ७४. आपल्याकडची मंडळी बेट द्वारकेला कशी जातात ते सगळ्यांना माहीत आहे. द्वारकेत मुक्काम, सकाळी गाडी, नागेश्वर, गोपी तलाव, बेटावर दर्शन, दुपारी परत. मीही दोनदा तशीच जाऊन आले होते. बेट म्हणजे देऊळ आणि त्याच्यापुढची बाजाराची गल्ली, एवढंच मला ठाऊक. तिसऱ्या खेपेला दोन रात्री राहिलो तेव्हा कळलं की देवळापासून पूर्वेला बेट कितीतरी लांब पसरलंय आणि तिकडे फारसं कोणी फिरकत नाही. हनुमान दांडीच्या देवळापर्यंत भाविक येतात. त्याच्यापुढे पूर्वेच्या टोकाला, डनी पॉइंटकडे जाणारी वाट वाळूची, बाजूला बाभळी, खाली खाजण आणि खारफुटी. तिथले लोक खारफुटीला ‘चेर’ म्हणतात.

माझं माहेर हर्णै. समुद्राला जायचं तर आधी तिथी बघायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. बाबा सांगायचे, तिथीची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तेवढंच मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल बेताची. हा हिशेब कोकणातला. बेटासमोरच्या ओखा बंदराला वेळ थोडी सरकते, म्हणून ओख्याचा भरती-ओहोटीचा तक्ता समोर ठेवून आधी दिवस ठरवला आणि मग रेल्वेचं तिकीट काढलं. हा क्रम उलटा करू नका, एवढं एक माझं ऐका. सोयीची तारीख धरून गेलात आणि नेमका भांग आला, तर इतक्या लांब जाऊन किनाऱ्यावरून निळं पाणी बघून यावं लागेल.

तक्ता बघताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवसात दोन ओहोट्या येतात, पण दोन्हींना पाणी सारखं उतरत नाही. मीटरचा आकडा जितका लहान तितका किनारा जास्त उघडा पडतो. दुसरी गोष्ट उजेडाची. ऐन पौर्णिमेला सकाळची ओहोटी सहा-साडेसहाच्या आसपास येते आणि जानेवारीत तिकडे सूर्यच उगवतो साडेसातच्या सुमारास. आपल्यापेक्षा पंधरा-सोळा मिनिटं उशिरा, कारण ते पार पश्चिमेचं टोक. म्हणून आम्ही पौर्णिमेनंतरची तृतीया धरली. ओहोटी साडेआठच्या सुमारास, ऊन कोवळं, वारा गार.

आता खरी गोष्ट. आदल्या संध्याकाळी जिथे पाणी डुचमळत होतं तिथे सकाळी काळा-पिवळा खडकाळ पट्टा उघडा होता, जागोजागी पाण्याची डबकी. हा सगळा टापू कच्छच्या आखाताच्या सागरी अभयारण्याच्या पट्ट्यात येतो. १९८० साली अभयारण्य झालं, १९८२ साली त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान झाला, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यात ४२ बेटं आहेत. तेव्हा मनात आलं आणि खडकावर उतरलो, असं इथे चालत नाही. जामनगरला वनखात्याचं सागरी उद्यानाचं कार्यालय आहे, तिथे आधी विचारून, परवानगी घेऊन, वस्तीतला एक माहीतगार मुलगा बरोबर घेऊनच उतरलो. घर मासेमारीचं. वय असेल बावीस-तेवीस.

त्याने पहिल्यांदा आमच्या चपला काढायला लावल्या आणि बूट घालायला लावले. (पाय कापतो, आणि वाळूत शेपटीला विषारी काटा असलेला पाकट मासाही दबून बसलेला असतो.) पाऊल वाळूवर टाका, जिवंत प्रवाळावर नको. दगड उचलला तर तसाच, त्याच अंगाने परत ठेवा, कारण खालच्या अंगाला चिकटलेली अंडी आणि जीव उन्हात मरतात. तो पुढे, आम्ही त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागे. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग डोळा सरावला. डबक्याच्या तळाशी समुद्रफुलं हलत होती. मेंदूसारख्या वळ्या असलेलं हिरवट प्रवाळ, चिखलाच्या रंगाची समुद्री काकडी, एक पफर मासा बिळाच्या तोंडाशी. आणि ऑक्टोपस! माझा मुलगा दोन मिनिटं त्या दगडाकडे बघत होता, दगडच समजून. ऑक्टोपसने रंग बदलला तेव्हा आम्हाला कळलं. विटकरी होता तो राखी झाला, अंग खरखरीत झालं, आणि एका फटीतून असा ओतल्यासारखा निघून गेला. आम्ही कोणीच बोललो नाही बराच वेळ.

मुलाने एक शंख खिशात टाकला होता. त्या दादाने मागितला, उलटा करून दाखवला. आत शंखातला खेकडा होता. “याचं घर आहे,” एवढंच म्हणाला आणि परत डबक्यात ठेवला. मला लाज वाटली, कारण मी बघून गप्प बसले होते.

सासूबाई खडकावर आल्या नाहीत. त्यांना किनाऱ्यावर घडीची खुर्ची, टोपी, थर्मास आणि दुर्बीण दिली होती. आम्ही परत आलो तर त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं होतं. पांढरेशुभ्र पक्षी, पाठीवर काळा पट्टा, चोच जाडजूड, पाय लांब, खेकडा पकडून आपटत होते म्हणे. पुस्तकात बघितलं, क्रॅब प्लोव्हर. आणि दुसऱ्या सकाळी पूर्वेच्या टोकावरून चहा पिताना समोर डॉल्फिन. उड्या-बिड्या मारत नव्हते. पाठीचा उंचवटा वर यायचा, वळायचा, बुडायचा. हे कुबडवाले डॉल्फिन, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे.

राहायची सोय अगदी साधी, देवळाजवळच्या वस्तीत. जेवायला रोटला, वांग्याचा ओळा, खिचडी-कढी, ताक. गोडं पाणी जपून वापरा, त्या भागात त्याची कायमची ओढ. संध्याकाळी यात्रेकरूंच्या गाड्या पूल ओलांडून गेल्या की गल्ल्या एकदम शांत होतात. ओट्यावर बसून माणसं जाळी सांधत असतात, पोरं क्रिकेट खेळतात, एका बाजूने आरतीची घंटा आणि दुसरीकडून अजान ऐकू येते. तिथे बसून राहावंसं वाटतं. बसलोही.

जाणं: सौराष्ट्र मेल बडोद्यावरून थेट ओख्याला जाते. ओख्याहून रिक्षाने पूल ओलांडून बेटावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नको.

विचारा काय विचारायचं ते, माहीत असेल तेवढं सांगते.

मांडवीचा मिलिंद

ताई, फार छान लिहिलंत. मी १९९८ साली होडीने गेलो होतो ते आठवलं. ओख्याच्या धक्क्यावरून होडी सुटली की कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागायचा, आम्ही गाठिया उडवायचो आणि ते हवेतच झेलायचे. मला तर बेटापेक्षा तो अर्धा तासच लक्षात राहिलाय. आता पूल झाल्यावर ते गेलंच. पुलाने बेटाचं बेटपण घालवलं असं मला मनापासून वाटतं. २.३२ किलोमीटर, केबलवर तोललेला, चार पदरी. बांधकाम म्हणून सुंदरच आहे, नाही म्हणत नाही. पण पाणी ओलांडून जाण्यात एक वेगळेपण होतं.

वढवाणा वारी

मिलिंदभाऊ, गाठियाबद्दल जरा स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुरव पक्ष्यांना मीठ-सोडा घातलेलं तळलेलं बेसन खायला घालणं त्यांच्या जिवाशी खेळ आहे. हजारो किलोमीटर उडून हिवाळ्यापुरते येतात, परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते, ती माशांवर साठते. आपण सगळ्यांनीच हे केलंय, मीही लहानपणी केलंय. आता नको.

धागाकर्तीताई, पक्ष्यांसाठी एक भर घालतो. तुम्ही पूर्ण ओहोटीला गेलात ते प्रवाळासाठी बरोबर. पण पक्षी बघायचे तर त्यानंतर पाणी चढायला लागतं ती वेळ सोन्यासारखी. ओहोटीत पक्षी लांबवर चिखलात विखुरलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. पाणी चढलं की चिखलाची जागा कमी होत जाते आणि सगळे हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात. आपण खाली बसायचं, हलायचं नाही. ते आपोआप जवळ येतात. तुमच्या सासूबाईंना जे दिसलं ते त्यामुळेच. त्या एका जागी बसून होत्या!

क्रॅब प्लोव्हर हा फार खास पक्षी आहे. वाळूत बीळ खणून त्यात अंडं घालतो, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत असं कोणी करत नाही. विणीला अरबस्तानच्या बाजूला जातो आणि हिवाळ्यात आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावर येतो. आपल्याकडे तो खात्रीने बघायचा तर कच्छचं आखात. मी त्याच्यासाठी चार हिवाळे गेलोय.

येता-जाता चरकल्याची मिठागरं चुकवू नका, ओखा आणि द्वारकेच्या मधे. रोहित पक्षी मोठ्या संख्येने असतात. आपल्या डभोईजवळच्या वढवाण्याला २०२१ साली रामसर दर्जा (महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता) मिळाला, तिथे हिवाळ्यात रविवारी सकाळी जे जातात त्यांना ओळखीचे पुष्कळ पक्षी भेटतील. पण वढवाणा गोड्या पाण्याचा तलाव. ओहोटीचा चिखल कसा भरलेला असतो, ते तिकडेच कळतं.

अलकापुरीची वर्षा

वाचून फार इच्छा झाली. माझी आई ८२ वर्षांची, गुडघे पूर्ण गेलेत, वॉकर लागतो. तिला समुद्राचं वेड आहे, मूळची रेवदंड्याची. पण खडक, वाळू हे ऐकून धीर होत नाही. घेऊन जाऊ का?

सुरसागरकाठची

वर्षाताई, नक्की घेऊन जा. काकूंना खडकावर नेऊच नका, त्यांची जागा किनाऱ्यावर. आता पूल झालाय त्यामुळे होडीत चढ-उतार नाही, आणि वयस्कर माणसांच्या दृष्टीने तेच सगळ्यात अवघड होतं. गाडी किंवा रिक्षा जाईल तिथपर्यंत जा, पुढे खुर्ची टाका. मात्र वाळूत वॉकरचे पाय रुततात, तेव्हा दोन माणसं बरोबर हवीत. शौचालयाची सोय मुक्कामाच्या ठिकाणीच आहे असं धरून चाला आणि किनाऱ्यावर दोन तासांपेक्षा जास्त थांबू नका.

हरणीची सुनीता

मी पेशाने परिचारिका आहे. मिलिंदभाऊंच्या पुलाच्या मुद्द्यावर राहवलं नाही म्हणून लिहिते. माझी एक मैत्रीण ओख्याला काम करायची. रात्री होड्या बंद झाल्यावर बेटावरच्या बाईला कळा सुरू झाल्या तर काय होतं, ते तिने मला सांगितलेलं आहे. वारा असेल तर दिवसाही होडी नाही. आपल्याला जे अर्ध्या तासाचं वेगळेपण वाटतं ते तिथे राहणाऱ्यांना वर्षभर सोसावं लागायचं. २५ फेब्रुवारी २०२४ ला पूल सुरू झाला तेव्हा ती फोनवर रडली होती.

आणि डॉल्फिन बघायला कोणी होडीने जाणार असेल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका, मुलांना तर नाहीच. १८ जानेवारी २०२४ ला आमच्या हरणीच्या तलावात होडी उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी आम्ही सगळे रस्त्यावर होतो. होडीवाला “काही होत नाही” म्हणाला तर उतरून या. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या.

मांडवीचा मिलिंद

सुनीताताई, तुमचं खरं आहे. मी माझ्या आठवणीपुरतं बघत होतो. शब्द मागे घेतो.

ओखामंडळ आजोळ

या धाग्यावर न लिहून कसं चालेल! बडोदेकरांनी बेटाला परकं समजू नये, कारण ते सव्वाशेहून अधिक वर्षं आपलंच होतं. इंग्रजांनी १८१६ साली द्वारका आणि बेट घेतलं आणि १८१७ साली ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओखा-बेट हा सगळा टापू, गायकवाडांच्या ताब्यात दिलं. ते थेट १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत. नकाशात बघितलं तर गंमत वाटते. राजधानी विश्वामित्रीच्या काठी आणि संस्थानाचा एक तुकडा पार आखाताच्या तोंडाशी. मधे बहुतेक दुसऱ्यांचा मुलुख.

तिथल्या वाघेर जमातीच्या लोकांनी हे कधीच मुकाट्याने मान्य केलं नाही. १८५७ नंतर जोधा माणेक आणि मूळू माणेक यांच्या पुढारपणाखाली त्यांनी बेट आणि द्वारका ताब्यात घेतली होती. १८५९ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी आरमार आणून बेटावर तोफा डागल्या. आपण गायकवाडी अभिमानाने सांगतो तेव्हा ही बाजूही सांगायला हवी असं मला वाटतं. तिथल्या लोकगीतांत माणेक अजून जिवंत आहेत.

माझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत ओखा बंदरावर कारकून होते. बंदर सयाजीराव महाराजांच्या काळात, १९२६ साली सुरू झालं. आजीचा जन्म तिथलाच. ती सांगायची, घरात पिण्याचं पाणी कुलपात असायचं.

आता या धाग्याच्या विषयाशी जोडलेली गोष्ट. महाराजांनी त्या समुद्रात काय काय आहे हे बघायला जेम्स हॉर्नेल नावाच्या सागरी जीवशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने १९०५-०६ च्या हिवाळ्यात ओखामंडळाचा किनारा तपासला आणि अहवालाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला, दुसरा १९१६ साली. संस्थानाला हवं होतं ते उत्पन्न. मोत्यांची कालवं, शंख, आणि खिडकीच्या चौकटीत काचेऐवजी लावतात त्या पातळ शिंपल्या (गोव्या-कोकणातल्या जुन्या घरांत बघितल्या असतील). पण त्या निमित्ताने स्पंज, प्रवाळ, किडे, गोगलगायी अशा असंख्य जीवांची नोंद झाली. आज ताई ज्या डबक्यांत वाकून बघत होत्या, त्याच टापूतल्या जीवांची यादी शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी बडोद्याच्या खर्चाने झाली होती. दर वेळी तिथे गेलो की मला हे आठवतं.

सुरसागरकाठची

आजोळ, हॉर्नेलचं मला अजिबात माहीत नव्हतं! मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग आपल्या वहीतली यादी त्याच्या यादीशी ताडून बघू.

कारेलीबागचा कॅमेरा

छान माहिती. दोन प्रश्न. ड्रोन नेता येईल का? आणि कॉलेजातली मुलं बरोबर आहेत, त्यांच्यासाठी जेट स्की, पॅरासेलिंग वगैरे काही आहे का बेटावर? नुसतं बसून त्यांचा वेळ जाणार नाही.

वढवाणा वारी

ड्रोन घरीच ठेवा. ओख्याला तटरक्षक दल आणि नौदलाची ठाणी आहेत, सागरी सीमा लांब नाही. विनापरवाना उडवलात तर पक्ष्यांचं सोडाच, तुमचीच पंचाईत. आधारकार्ड मात्र प्रत्येकाचं जवळ ठेवा.

पाण्यातले खेळ हवे असतील तर शिवराजपूरचा किनारा आहे, द्वारकेहून ओख्याकडे जाताना. २०२० साली त्याला ब्ल्यू फ्लॅग (स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) मिळाला. तिथे ते सगळं आहे, मनसोक्त करा. पण बेटाच्या पूर्वेच्या टोकाला ते नकोच, आणि ते तिथे येऊ नये म्हणूनच हा धागा महत्त्वाचा आहे असं मी समजतो. शिवाय मुलांना कमी लेखू नका. माझ्याबरोबर एकदा १९-२० वर्षांची चार पोरं आली होती, रात्री टॉर्च घेऊन किनाऱ्यावरचे खेकडे मोजत एकपर्यंत फिरत होती.

कारेलीबागचा कॅमेरा

समजलं. एक दिवस शिवराजपूर, दोन दिवस बेट असं करतो.

अनुराधा न.

मला इथे एक वाईट अनुभव लिहायचा आहे. कोणाचं नाव घेत नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर आखातात ‘कोरल सफर’ म्हणून गेलो. ४० माणसांची बस. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा चढती भरती होती, गुडघाभर गढूळ पाणी. त्यांना तिथी-बिथी काही माहीतच नव्हतं, बसची वेळ तीच ओहोटीची वेळ. मग त्यांच्या माणसाने लोक नाराज होऊ नयेत म्हणून कुठून तरी पफर मासा धरून आणला. तो घाबरून फुगला. लोक टाळ्या वाजवतात म्हणून पुन्हा खाली ठेवून पुन्हा उचलला. हातोहात फिरवला. माझ्या मुलीच्या हातात आला तेव्हा तिने “आई, तो रडतोय का” असं विचारलं. पफर रडत नाही मला माहीत आहे, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही ती मासा खात नाही.

सुरसागरकाठची

अनुराधाताई, वाचून पोटात कालवलं. पफर फुगतो तो जीव वाचवायला, पोटात पाणी भरून. पाण्याबाहेर धरला की हवा भरते आणि ती त्याला नीट बाहेर टाकता येत नाही. एकदा फुगण्यातच त्याची शक्ती संपते. कोणी हातात प्राणी देऊ लागला तर हात मागे घ्यायचा आणि मोठ्याने नको म्हणायचं, म्हणजे मागचे चारजणही नको म्हणतात. ४० जणांनी हात पुढे केले नाहीत तर तो उचलणारच नाही.

वढवाणा वारी

आणि हे फक्त दयेपुरतं नाही. प्रवाळ, समुद्री काकडी हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेल्या प्रवाळाचा तुकडा शोकेससाठी उचलणं हासुद्धा गुन्हा.

होडी-बस नको असेल आणि परवानगी, मार्गदर्शक, नियम असं सगळं एका ठिकाणी हवं असेल तर वाडीनारजवळचं नरारा बघा. तिथे वनखात्याचा नाका आहे, ओहोटीत चालत जाता येतं. लक्षात ठेवा, आखातात जसजसं आत जाल तसतशी भरती उशिरा येते आणि मोठी होते. ओख्याला उधाणात पाणी साधारण तीन मीटर वरखाली होतं, पार टोकाच्या कांडल्याला सहा मीटरच्या आसपास. तेव्हा ओख्याचा तक्ता घेऊन नराऱ्याला जाऊ नका. पिरोटन बेट सगळ्यांच्या तोंडी असतं, पण तिथे जायला वेगळी परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही.

देवघर

बेटावर दक्षिणावर्ती शंख मिळतो असं ऐकलं आहे. देव्हाऱ्यासाठी हवा होता. कुठल्या दुकानात खात्रीचा मिळेल? बेटाचं जुनं नावच शंखोद्धार ना?

ओखामंडळ आजोळ

हो, शंखोद्धार बेट. पुराणात शंखासुराची कथा आहे, आणि तिथल्या पाण्यात शंख मुबलक होते हेही खरं. पण देवघर, कळकळीने सांगतो, घेऊ नका. आपल्या समुद्रातला पूजेचा शंख दुर्मिळातल्या दुर्मिळ वेळी उलट्या बाजूला वळतो, तोच दक्षिणावर्ती. तो गल्लीतल्या टोपलीत असूच शकत नाही. ‘दक्षिणावर्ती’ म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा अमेरिकेच्या किनाऱ्यावरची एक वेगळीच गोगलगाय असते, जिचा शंख जन्मतःच त्या बाजूला वळलेला असतो. आणि खरा असेल तरी तो कोणाचं तरी घर उकरून आणलेला. आजीच्या देव्हाऱ्यात जो शंख आहे तो पाच पिढ्या चालला. घरातल्या कोणाकडे जुना असेल तर तो मागून घ्या.

देवघर

मोठ्या काकूंकडे आहे. त्यांना विचारते. धन्यवाद.

राजमहाल रोड

एवढं सगळं वाचून कमाटीबागेतल्या म्युझियममधल्या देवमाशाची आठवण आली. निळ्या देवमाशाचा सांगाडा, ७० फुटांहून लांब, १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. बडोद्यातल्या प्रत्येक मुलाने समुद्राचा पहिला प्राणी तोच बघितलेला असतो. मी दर रविवारी वडिलांचा हात धरून त्याच्या फासळ्या मोजायचो. आखाताच्या बाजूला देवमासे दिसतात का?

वढवाणा वारी

देवमाशाची आशा धरून जाऊ नका. पण सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो, जगातला सगळ्यात मोठा मासा. पूर्वी त्याला भाल्याला पिंपं बांधून मारायचे, म्हणून कोळ्यांत त्याचं नावच ‘बॅरल’ पडलं होतं. २००१ साली त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. २००४ पासून रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं की हा मासा म्हणजे माहेरी बाळंतपणाला येणारी लेक आहे. नाव दिलं ‘वहाली’, म्हणजे लाडकी. आज तो जाळ्यात सापडला तर कोळी स्वतःचं जाळं कापून त्याला सोडतात. जाळ्याची भरपाई सरकार देतं, पण त्या दिवसाची मासळी जाते ती जातेच. मी वेरावळला एका तांडेलला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारलं होतं, नुकसान होतं तर वाईट नाही वाटत? तो म्हणाला, लेकीला उपाशी परत पाठवतात का.

राजमहाल रोड

हे आमच्या शाळेत सांगणार. म्युझियमच्या सहलीआधी.

अलकापुरीची वर्षा

(दीड महिन्याने लिहितेय, धागा वर काढते.)

आईला घेऊन जाऊन आले. बरोबर भाऊ आणि भाचा. आम्ही तृतीयेची सकाळ धरली नाही, पौर्णिमेच्या आधीची त्रयोदशी धरली, कारण तेव्हा ओहोटी संध्याकाळी पाचच्या सुमारास होती आणि आईला सकाळी लवकर तयार होणं जमत नाही. ताईंचा हिशेब समजून घेतला म्हणून हे सुचलं.

वॉकर वाळूत रुतला. भावाने आईला खुर्चीसकट उचललं. एक म्हातारे चाचा होडी रंगवत होते, ते काही न विचारता पुढे आले आणि दुसरी बाजू धरली. नंतर बराच वेळ तिथेच बसले. आई मराठीत बोलत होती, ते गुजराती-कच्छीत. आई त्यांना रेवदंड्याच्या उधाणाचं सांगत होती आणि ते मान हलवत होते. भाषा समजत होती का माहीत नाही. भरती-ओहोटी दोघांनाही कळत होती.

पाणी परत चढायला लागलं तेव्हा वढवाणादादांनी सांगितलं होतं तसं सगळे गप्प बसलो. आधी छोटे पाणथळी पक्षी आले, मग एक रीफ हेरॉन, पंख अर्धे पसरून पाण्यावर सावली धरत मासे पकडत होता. शेवटी क्रॅब प्लोव्हर, सोळा. भाच्याने मोजले. सूर्य बुडाल्यावरही आई उठायला तयार नव्हती. थंडी वाढली म्हणून शाल गुंडाळून आणली.

परतीच्या गाडीत तिने पंचांग मागितलं. माघातली त्रयोदशी कोणत्या वारी येते ते बघत होती.

सुरसागरकाठची

काकूंना माझा नमस्कार सांगा. माघात ओहोटीच्या वेळी ऊन पाठीवर येईल, खुर्चीचं तोंड पूर्वेला करा. आमची घडीची खुर्ची हलकी आहे आणि तिच्या पायांना मिस्टरांनी लाकडी फळ्या बसवल्यात, वाळूत रुतत नाही. शनिवारी दांडिया बाजारात येणार असाल तर घरी या, घेऊन जा.